पंकजाक्षीचं आभारप्रदर्शन

सूत वळणाऱ्या बायकांच्या वतीने वाचायला वाचनालयाच्या सेक्रेटरी शशिधरनने लिहून दिलेला आभाराचा कागद पंकजाक्षीच्या हातात घामाने मऊ पडला होता. व्यासपीठावर पाचवे गृहस्थ पाहुणीला शुभेच्छा देत होते. गावच्या वाचनालयात व्याख्यानाला कुणीही येवो, नमनाला घडाभर तेल जायचंच. पाहुणा बोलणार अर्धा तास, त्याचं कौतुक चालणार तासभर, मग आभार आणि चहा. प्रश्न विचारायची रीतच नव्हती. तो पाहुण्याचा अपमान समजला जाई.

आजची पाहुणी जिषा, कोचीहून आलेली, अवजारांचे आराखडे करणारी मुलगी. बोलली मात्र सुरेख. काथ्याचं सूत वळणाऱ्या बायका जन्मभर उलट्या पावलांनी चालतात, रोज पाच-सहा कोस, आणि हे आजवर कुणाला खटकलं कसं नाही, असं तिने विचारलं. मागच्या बाकांवर दोघी-तिघींनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपले. मग तिने तीन वर्षं खपून केलेलं यंत्र दाखवलं. फळीवर बसायचं, पायाने दांडा दाबायचा, सूत आपोआप पुढे सरकतं.

चाळीस वर्षं मागे मागे चालून पंकजाक्षीच्या गुडघ्यांचं पीठ झालं होतं. पोरगी तिला मनापासून आवडली. पण सकाळी हॉल झाडताना पंकजाक्षी गुपचूप त्या यंत्राच्या फळीवर बसून आली होती. पाय दांड्याच्या वीतभर वरच लोंबकळले. आणि बायकांना काथ्या पुरवणारी सोसायटी तर आज चाळीस यंत्रांचा ठराव करणार होती. ओणमपासून ज्या बाईला यंत्र चालवता येईल, तिलाच काथ्या मिळणार होता. जमत नाही म्हणावं तर यादीतून नाव आजच कटणार, मिठाची गुळणी धरावी तर काम ओणमला जाणार.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिने उभं राहून पहिली तीन नावं वाचली. चहासोबतच्या परिप्पुवड्यांचा वास आला तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. चौथ्या नावाशी ती थांबली आणि तिने कागदाची घडी घातली.

"मुली, यंत्र फार छान केलंस. पण माझे पाय पोचत नाहीत गं."

शशिधरनने खालच्या आवाजात दटावलं, "पंकजाक्षी चेची, कागदावर आहे तेवढंच वाचा."

पण जिषा तोवर व्यासपीठावरून खाली उतरली होती. तिने पंकजाक्षीला हाताला धरून फळीवर बसवलं, स्वतः जमिनीवर गुडघे टेकले आणि लोंबकळत्या पावलाखालचं अंतर आपल्या वितीने मोजलं. मग आणखी कोणाकोणाचे पाय पोचत नाहीत, ते तिने मागे वळून विचारलं. आधी एकही हात वर आला नाही. मग अकरा आले.

"मी आमच्या कारखान्यातल्या मुलींची मापं घेतली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमची घ्यायला आलेच नाही. चूक माझी आहे."

त्या हॉलमध्ये पंकजाक्षीने मंत्र्यांपासून महंतांपर्यंत कितीतरी जण ऐकले होते. चूक माझी आहे, असं म्हणणारं माणूस ती आज पहिल्यांदा बघत होती.

आजचा ठराव थांबवा, असं जिषाने सोसायटीवाल्यांना सांगितलं. फळीच्या खांबांवर वीतभर खाली खडूने रेघ मारली आणि करवत मागितली. शशिधरन चहा निवतोय म्हणत राहिला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पंकजाक्षीने मात्र तिचा हात धरला.

"कापू नकोस. ती सुभद्रा बघ, ताडासारखी वाढलीय. खांब कापलेस तर तिचे गुडघे हनुवटीला लागतील. त्यापेक्षा खांबांना चार-पाच भोकं पाड आणि फळी खुंट्यांवर ठेव. जिची तिने वर-खाली करून घ्यावी."

जिषाने तळहाताने रेघ पुसून टाकली आणि उभी राहत बाकांकडे वळली.

"करवत नको. गिरमिट आहे का कुणाकडे?"

हॉलमध्ये बसलेले गावचे तिन्ही सुतार एकदम उठले.