निळी बाई

सक्करदऱ्याच्या भीमाबाईंचा जुना रंगीत टीव्ही हेमराज मेकॅनिकनं मागून उघडला, पेचकसानं रंग जुळवले आणि बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा आपल्या मनासारखा आणला.

"हे बाई तं निळी दिसून राहिली गा!" भीमाबाई म्हणाल्या.

"टीव्ही बरोबर आहे, मावशी. तुम्हीच डोळे दाखवा डॉक्टरले," हेमराज ठसक्यात म्हणाला.

पुढच्याच महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर कित्येक वर्षं साचलेला पिवळेपणा गेला. घरी येऊन त्यानं त्या पिवळ्या नजरेनंच जुळवलेला स्वतःचा टीव्ही लावला, तर सगळेच निळे! पेचकस घेऊन तो तसाच भीमाबाईंकडे धावला.

 

त्याच्या काळ्या चष्म्याकडे बघत त्या म्हणाल्या, "काहून गा हेमराज, झाले का माझे डोळे बरे?"