पेडलवरचा पाय

"दाब," गाडीखालून आवाज आला.

तिने ब्रेकचं पेडल दाबलं.

"धर."

तिने धरलं. मागच्या चाकापाशी आडव्या पडलेल्या नवऱ्याने पान्याने चाकामागचा निपल, हवा सोडायचा छोटा बोल्ट, सैल केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी डब्यात पडली आणि तिच्या पायाखालचं पेडल हळूहळू खाली गेलं. मग त्याने निपल आवळला.

"सोड."

तिने पाय उचलला. ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा अशीच काढायची असते, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने खाली पडायचं, एकाने पेडलवर बसायचं. निपल उघडा असताना वरच्याने पाय उचलला, की हवा पुन्हा आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांचं बिनबोभाट काही जमत असेल, तर ते एवढंच. अबोला असला तरी जमायचं.

जुनी जीप घरी आली तेव्हा ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. नवऱ्याने तिचा बोल्ट अन् बोल्ट सुटा केला. तेव्हापासून घरात जीपचंच राज्य. कपडे धुण्याचं मशीन गॅरेजमधून हाकललं गेलं, फ्रीजरमध्ये मटारशेजारी लोखंडी पिना आकसायला जाऊन बसल्या, ओव्हनमध्ये बेअरिंगं तापायला लागली. तिने कुरकुर केली, पण तोंडदेखली. डोंगरापलीकडे एक तळं होतं आणि साध्या गाडीला तिथवर वाट नव्हती. "गाडी झाली की पहिली फेरी तुझी," असं तो भंगारात उभा राहून म्हणाला होता. म्हणणारा विसरला असेल, ती विसरली नव्हती. ताडपत्रीचं छप्पर तिने घरच्या मशीनवर शिवलं, सुया मोडल्या, बोटं सोलवटली. मग सीटची कव्हरं शिवली. दोन.

आज बऱ्याच दिवसांनी ती आत चढून बसली होती. सहज तिने शेजारी पाहिलं. तिथे सीट नव्हती. सीटच्या जागी एक लोखंडी चौकट बोल्टांनी पक्की केलेली होती. तिचा काळा रंग अजून नवा होता.

"ही इथली सीट कधी बसवणार?" तिने विचारलं.

"कुठली? दाब."

"माझ्या शेजारची."

"ती नाही बसवत. तिथे दुसरी टाकी येतेय. वर कुठे पेट्रोल पंप आहे? धर."

तिने धरलं. "आणि मी कुठे बसू?"

खाली त्याने निपल उघडला, ऑइल डब्यात गळू दिलं आणि पुन्हा आवळला.

"अगं, तुला कुठे सोसणार ते धक्के? सोड. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगड. आणि मी काही एकटा नाही, तुझा भाऊ येतोय ना त्याची गाडी घेऊन. तोच म्हणाला, ताईला कशाला उगाच दगदग."

"तळ्यावर?"

"तळ्यावर. आणि तिथून पुढे. दाब."

भाऊ कालच फोनवर बोलला होता. गुडघे कसे आहेत, झोप लागते का, अगदी गोड गोड. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

"मी दुसरं कव्हर शिवलंय," ती म्हणाली. म्हणायचं होतं भलतंच, पण तोंडातून हेच निघालं.

"वाया नाही जायचं. पाण्याच्या कॅनला घालू. एकदम मापात बसतंय. धर."

म्हणजे त्याने घालून पाहिलं होतं.

तिने धरलं. निपल सुटला, पेडल खाली जायला लागलं, आणि तिने पाय उचलला. घसरला नाही, उचलला.

"अगं! धर म्हटलं ना!" पाना फरशीवर आपटला. "गेली ना हवा आत! शेवटचं चाक होतं. आता परत पहिल्यापासून सगळं."

आता तो बाहेर येईल, तोंडाला येईल ते बोलेल, मग तीही बोलेल, आजवरचं सगळं एकदाचं काढेल. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. भांडणाची इतकी आतुरतेने वाट तिने कधी पाहिली नव्हती.

तो सरपटत बाहेर आला. केसांना ऑइल, कानाला माती. तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"पाय भरून आला ना?"

"नाही. मी मुद्दाम सोडला."

"बरं बरं." तो हसला. "अगं, त्यात लाजायचं काय? म्हणून तर म्हणतो, तुला नाही झेपायचं." त्यातल्या त्यात स्वच्छ करंगळीने त्याने फोन लावला. "अरे, आत्ता येतोस का? जरा पेडलवर बसायला. ताई दमली तुझी."

"मी दमलेले नाही," ती म्हणाली.

"हो, हो," म्हणत त्याने तिला उतरायला हात दिला. हात तेलकट होता. तो धरावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिने खाली पाहिलं. मोठी चाकं घालून, स्प्रिंगा चढवून त्याने जीप इतकी उंच करून ठेवली होती, की फरशीपर्यंत तिचा पाय पोचत नव्हता.

तिने हात धरला.