तळाची वाळू

पुलाच्या पायासाठी चाळीस मीटर खोल भोक खणून झालं होतं आणि त्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ते पॉलिमरच्या बुळबुळीत पाण्याने काठोकाठ भरलं होतं. तपासनीस बाईंनी तळातून नमुना काढला, काचेच्या नळीत धरला. एक टक्का वाळू चालते. इथे चार टक्के निघाली.

"तळ साफ करा, ताजं पॉलिमर भरा," त्या म्हणाल्या. "एवढी वाळू काँक्रीटमध्ये अडकली तर पाया आतून कच्चा राहील. मी सही करणार नाही."

"काँक्रीटच्या गाड्या फाटकात उभ्यात, बाई!" मॅनेजर कडाडले. "उद्यापासून येऊच नका. सही काय, कुणीही करेल!"

"खुशाल करू दे," म्हणत बाईंनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. नळी मात्र हातातून सोडली नाही.

मॅनेजरांनी सुपरवायझरला पुढे केलं, तर त्याचा चष्मा नेमका घरी राहिला होता. स्टोअरकीपरचं बोट दुखत होतं. बाईंना रोज 'किरकिरी मावशी' म्हणणारा मशीनचा ऑपरेटर तर "मला आपलं खणण्यातलं कळतं" म्हणत केबिनमध्ये चढून बसला. शेवटी मॅनेजरांनी तणतणत स्वतःचंच पेन काढलं. बाईंनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

 

पेन कागदाला टेकलं, तिथेच थांबलं आणि मॅनेजर फाटकाकडे तोंड करून ओरडले, "गाड्या मागे घ्या रे!"