सटवाची टेप

रतनबाई पायरीपाशी थांबली, तेव्हा परमेश्वरची नजर आधी तिच्या पायांवर गेली. टाचा भेगाळलेल्या. एका अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"या मावशी, आत या."

तिनं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला. देवळात शिरावं तशी ती टीव्ही केंद्रात शिरायची.

"घावली का हो?"

श्रावणापासून दर सोमवारी ती हेच विचारत होती. बोलताना तिचे हात सारखे हलत. शब्दाच्या आधी बोटं पुढं येत.

"घावली," परमेश्वर म्हणाला, आणि उगाच एक वायर नीट करू लागला.

घाटनांदूरच्या वाटेवरच्या माळावर हे केंद्र होतं. एके काळी या टॉवरमुळंच आसपासच्या गावांत चित्र दिसायचं. आठवड्यातून अर्धा तास इथलाच कार्यक्रम असायचा. असाच एकदा धनगरवाड्यातल्या पोरांचा गजी नाच इथं टिपला होता, आणि त्यात रतनबाईचा लेक सटवा होता. तो लागला त्या दिवशी सगळी वस्ती सरपंचाच्या टीव्हीपुढं बसली होती. रतनबाई तेवढी मेंढरांमागं आष्टीकडं गेली होती.

पुढच्या साली सटवा तापानं गेला. घरात त्याचा एक फोटो नव्हता.

आता टॉवर बंद पडला होता. राहिलेल्या टेपा उद्या ट्रकनं मुंबईला जायच्या होत्या, आणि टेपांचं कपाट सांभाळणारा परमेश्वर बदलीवर. केंद्र बंद होतंय हे कळलं, त्याच दिवशी रतनबाई अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवस बोलली होती. लेकराचं तोंड दिसंपर्यंत पायात वहाण घालायची नाही. सोमवारी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.

"लई गुनी हुतं," ती खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "जल्मात मला उलटून बोललं न्हाई."

"मागच्या सोमवारी तुम्हाला म्हणालो ना, हे काम राहिलं तर तिकडं जाऊन मला झोप लागायची नाही."

"अन् मी काय म्हनले? लोकाच्या पोरासाठी तुमी कावून जीव जाळता? सवताची बायकू बोलत नसंल का तुमाला?"

"बोलते की. म्हणते, त्या मावशीलाच घेऊन जा बदलीच्या गावी."

रतनबाई पदराआड हसली.

परमेश्वरला हसू येईना. सटवाची टेप त्याला दिवाळीतच मिळाली होती. लावून पाहिली, तर तिच्यावर कुठल्याशा शेतकरी मेळाव्यातलं भाषण. टेपा थोड्या आणि कार्यक्रम फार, म्हणून जुनं पुसायचं नि त्यावर नवं भरायचं, ही केंद्राची रीतच होती. पण हे या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं सगळं कपाट उपसलं. दुसऱ्या गावच्या पोरांचा गजी नाच तेवढा निघाला. तसाच फेटा, तसेच रंगीत रुमाल, तेवढंच वय.

रतनबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; धूसर आकार तेवढे दिसायचे. चेहऱ्याची त्याला धास्ती नव्हती. धास्ती होती आवाजाची. पोराचा आवाज आई कशी विसरेल? म्हणून त्यानं आवाजाचं बटण आधीच पार खाली करून ठेवलं होतं.

टेप सुरू झाली. पडद्यावर रेघा हलल्या, मग ढोलवाला दिसला, मग ओळीनं पोरं.

"ह्यातला मधला," परमेश्वर म्हणाला. "पुढं येतोय तो."

रतनबाई उठून पडद्यापाशी गेली. बोटांनी काच चाचपू लागली. मधला पोरगा एक पाऊल पुढं आला, कानावर हात ठेवला आणि त्यानं तोंड उघडलं.

तिचा हात काचेवरच थबकला.

"गातोय व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"हो. ओवी म्हणतोय."

तिनं काचेवरचा हात खाली घेतला. मग मागं न वळताच म्हणाली, "आवाज वाढवा की."

"टेप जुनी आहे मावशी. खरखर येते."

"येऊ द्या. वाढवा."

परमेश्वरनं बटण फिरवलं. खोलीत एका पोराचा कोवळा, उंच आवाज भरला. रतनबाईनं डोळे मिटून घेतले. गाल ओले झाले तरी तिनं पुसले नाहीत. ओवी सरली, ढोल वाजला, पोरं नाचली, आणि पडदा निळा झाला.

"लई ग्वाड गातो," ती म्हणाली.

"हाच ना?" परमेश्वरनं विचारलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"हाच. आता जावा बिनघोर. झोप लागंल तुमाला."

अंबाजोगाईच्या बाजारातून आणलेल्या चपला त्यानं तिच्या पायांशी ठेवल्या. रतनबाईनं त्या घातल्या. वळणापर्यंत ती नव्या चपलांत अवघडून चालताना दिसत होती. खोटं बोललो, पण बाईचे पाय नवसातून सुटले, असं म्हणत परमेश्वरनं टेप कपाटात ठेवली.

दिवस कलताना तो कुलूप लावून निघाला. माळाखाली बायडाबाईची चहाची टपरी होती. ती रतनबाईच्याच वस्तीतली. जुने कार्यक्रम केंद्रात जपून ठेवलेत, हे रतनबाईला तिनंच सांगितलं होतं.

"सायेब, थांबा." तिनं एक पिशवी पुढं केली. "रतनबाईनं ठिवलीय. तुमी घरी निघाल्यावरच द्यायची म्हनली."

पिशवीत चपला होत्या.

"अनवाणी गेली?"

"व्हय. च्या बी घेतला न्हाई. उपास हाय म्हनली."

"आता कसला उपास? बघितला की तिनं सटवाला! चांगली ओवी म्हणताना ऐकला."

किटली तशीच हातात धरून बायडाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"सटवा? सायेब, ते लेकरू तर जल्माचं मुकं हुतं."