डोक्याचा रुमाल

एरंडोलजवळच्या खेड्यात कापूस पिकवणारे तोतारामआबा फ्रान्समधल्या लेकीकडे, मयुरीकडे पहिल्यांदाच आले होते. साठ उंबऱ्यांचं तिचं गाव, भोवती नुसते द्राक्षमळे. एका सकाळी शेजारच्या मळ्यात नांगराला जुंपलेला घोडा जागचा हलेना. मालक ओरडून ओरडून दमला. कामावर निघालेली मयुरी म्हणाली, "आबा, तुम्ही मध्ये पडू नका." आबा तोवर कुंपण ओलांडून गेलेही होते. त्यांनी घोड्याच्या मानेवरचा पट्टा उचलून पाहिला. "याले पट्टा रुतस, बेटा," ते मयुरीला म्हणाले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी त्याची घडी पट्ट्याखाली सारली, घोड्याची मान थोपटली आणि नांगर धरला. घोडा निघाला. वेलींच्या ओळींमधून नांगराचं सरळ तास पडत गेलं. मालकानं टोपी काढली आणि पुढची ओळही आबांनाच दाखवली. मयुरीनं ऑफिसला फोन लावला. "आज मी येत नाही. माझे वडील नांगर धरताहेत."