फितुराचा चेहरा

गडकिल्ले जपणाऱ्या एका ट्रस्टच्या मासिकात संजीवनी इतिहासातल्या खऱ्या हकिगती चित्रांतून सांगायची, आणि मावळ्यांना चेहरे द्यायची पोलादपुरातल्या ओळखीच्या माणसांचे. सगळे खूश. पण या वेळच्या गोष्टीत किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा फितूर आला. त्याला चेहरा कुणाचा द्यायचा? उगाच कुणाचा रोष नको, म्हणून तिने आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढला आणि वर झुपकेदार मिशी चढवली.

अंक गावोगाव पोचला, आणि कुडपणहून धाकटा भाऊ जितेश तणतणत दारात हजर.

"ताय, अख्खा गाव मला फितूर म्हणतो. शेवटी मिशी भादरली."

संजीवनीने त्याला आरशासमोर नेलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

जितेशने आरशातले दोन्ही चेहरे ताडून पाहिले: तेच नाक, तेच डोळे.

"म्हंजे फितूर तू हायस, नि मिशी गेली माझी?"