सुताचं दुसरं टोक

तांबड्या कावेत भिजवलेलं सूत हातात धरून आबा फळीपाशी नुसतेच उभे होते. आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच त्यांनी काम काढलं होतं.

"दुसरं टोक खिळ्याला अडकवा ना," मी म्हणाले.

"तू मराठी शिकवतेस ना? सुतार हा शब्द आला कुठून गं?"

"सूत्रधारावरून. सूत धरणारा तो सुतार."

आबा गोंधळले. "पण मी तर रेघ मारायचो. सूत जन्मभर तुझ्या आईनं धरलं. मग सुतार मी कसा?"

मी खाली बसले आणि दुसरं टोक खुणेवर दाबून धरलं.

आबांनी सूत ताणून सोडलं. फळीवर तांबडी रेघ उमटली. ते रेघेकडे बघत राहिले.

"तिरकी गेली," ते म्हणाले. "जा, आईला हाक मार."